राजाचा ठसा आणि बाजाराची पत

शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार या दिवशी, आज ज्यास मनिला म्हणतात त्या उपसागराकाठच्या मुलखात एका कुटुंबाचे कर्ज माफ झाले, आणि त्या ऋणमुक्तीचा दस्तऐवज तांब्याच्या पातळ पत्र्यावर कोरून वारसांच्या हवाली करण्यात आला. इसवी सन ९०० चा हा ताम्रपट १९८९ साली लुझोन बेटावरील लगूना प्रांतात, लुम्बान नदीच्या मुखाशी वाळू उपसताना सापडला. त्याची लिपी जावातील जुनी कवी लिपी, भाषा प्राचीन मलय, पण कालगणना मात्र शककर्त्याची. आणि ज्या काळी महाराष्ट्रावर राष्ट्रकूट कृष्ण दुसरा राज्य करीत होता व आपल्याकडील दानपत्रे याच शकात, याच तिथि-पक्ष-वाराच्या रीतीने लिहिली जात होती, त्या काळचा हा लेख वाचताना मराठी वाचकाला परकेपणा फारसा जाणवत नाही. नामवारन नावाच्या गृहस्थाची कन्या अंकातान व तिचा भाऊ बुकाह यांना तुंडुनच्या अधिपतीने, पैलाहच्या जयदेव नामक सरदाराच्या हस्ते, एक कट्टी आणि आठ सुवर्ण इतक्या सोन्याच्या देण्यातून मुक्त केले, आसपासच्या गावांचे प्रमुख साक्षीला होते, आणि पुढेमागे कोणी हे कर्ज अद्याप फिटले नाही असे म्हणू लागल्यास हा पत्रा दाखवावा, एवढाच त्यातील मजकूर. पत्र्यावर राजाची मुद्रा नाही. दस्तऐवजाला बळ आले ते सोन्याच्या वजनाने आणि साक्षीदारांच्या शब्दाने.

फिलिपिन्सच्या चलनाचा त्यानंतरचा हजार-अकराशे वर्षांचा इतिहास चाळताना माझ्या मनात हीच गोष्ट पुनःपुन्हा येते. त्या द्वीपसमूहावर एकामागून एक सत्ता आल्या, प्रत्येकीने नाण्यावर आपला ठसा मारला, फर्माने काढली, जुनी नाणी रद्द केली. परंतु नाण्याचे मोल ठरविण्याचा अधिकार बाजाराने कोणत्याही सत्तेच्या स्वाधीन पूर्णपणे केला नाही.

स्पॅनिशांच्या आगमनापूर्वीचे तेथील नाणे म्हणजे सोन्याची इवलीशी मणीवजा गोळी, जिला नाणेसंग्राहक पिलोन्सितो म्हणतात. हिचे वजन ०.०९ ग्रॅमपासून २.६५ ग्रॅमपर्यंत भरते, तळाशी एकच अक्षर उमटविलेले असते, आणि तिचे नाते जावातील तत्कालीन सुवर्णनाण्यांशी जुळते. याखेरीज सोन्याची वळी, तांदूळ, मेण, मोती, कापड अशा वस्तूंत विनिमय चालेच. पण त्या समाजातील व्यवहाराची खरी कल्पना येते ती चाओ रु-कुआ या चिनी अधिकाऱ्याच्या वृत्तान्तावरून. सुंग राजवटीत सागरी व्यापारावर देखरेख करणाऱ्या या गृहस्थाने १२२५ मध्ये लिहून ठेवले आहे की, मा-यी बेटावर चिनी गलबत लागले म्हणजे तेथील व्यापारी येऊन माल टोपल्यांत भरून घेऊन जात, आणि प्रथम तर कोणी काय नेले याचा पत्ताही लागत नसे. मग ते तो माल इतर बेटांवर विकून आठ-नऊ महिन्यांनी परत येत आणि प्रामाणिकपणे हिशेब चुकता करीत. रोकड नाही, तारण नाही, खतपत्र नाही, आणि तरीही परदेशी सावकाराचे बुडत नसे. ज्या लोकांना पुढे पाश्चात्त्यांनी अर्थव्यवहार शिकविल्याची शेखी मिरविली, त्यांच्यापाशी पत नावाचे धन आधीपासून किती होते, हे यावरून ध्यानात यावे.

१५६५ मध्ये मिगेल लोपेझ दे लेगास्पी याने स्पेनच्या वतीने ही बेटे ताब्यात घेण्यास आरंभ केला, त्याच वर्षी आंद्रेस दे उर्दानेता या साधूने पॅसिफिक महासागर पूर्वेकडे ओलांडून मेक्सिकोस परत जाण्याची वाट शोधली, आणि १५७१ मध्ये मनिला ही राजधानी झाली. येथून पुढे अडीचशे वर्षे, १८१५ पर्यंत, मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये प्रचंड गलबते ये-जा करीत राहिली. जाताना चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले. येताना पेरू-मेक्सिकोची चांदी. पोतोसीच्या डोंगरात मूळनिवासी मजुरांच्या हाडांचा चुरा करून काढलेली ती चांदी आठ रेआलच्या नाण्यांच्या, म्हणजेच पेसोंच्या, रूपाने मनिलास उतरे आणि तेथे फार काळ थांबत नसे. मिंग साम्राज्याने आपला सारामहसूल चांदीत वसूल करण्याची पद्धत स्वीकारली होती, युरोपात सोन्याच्या एका भारास बारा भार चांदी द्यावी लागत असता चीनमध्ये सहा-सात-आठ भारांत काम भागे, आणि त्यामुळे जगातील सारी चांदी जणू उताराला लागली होती. मनिला हे त्या उतारावरील शेवटचे वळण. माद्रिदच्या दरबारास ही गळती सोसवेना. १५९३ च्या फर्मानाने वर्षाकाठी अडीच लाख पेसोंचाच माल मनिलाहून जावा आणि परत येणारी चांदी पाच लाख पेसोंहून अधिक नसावी असे बंधन घातले गेले. ते जवळजवळ प्रत्येक फेरीत मोडले गेले, कारण गव्हर्नरपासून धर्मगुरूपर्यंत सर्वांचा पैसा त्याच गलबतात गुंतलेला असे.

या गलबतांच्या संपत्तीची एक दुःखद आठवण वसईशी निगडित आहे. १५९६ मध्ये मनिलाहून निघालेले सान फेलिपे हे मालाने खच्चून भरलेले जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यास लागले. जपानचा तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याने त्यावरील सारा माल जप्त केला, त्यातून स्पॅनिश पाद्री हे आक्रमणाचे अग्रदूत असल्याचा संशय बळावला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत वसईत जन्मलेला, पूर्वाश्रमी व्यापार करणारा आणि मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झालेला गोन्सालो गार्सिया होता. वसईकर ख्रिस्ती समाज त्याचे स्मरण आजही भक्तिभावाने करतो. त्याच्या मृत्यूच्या कारणपरंपरेत मनिलाच्या व्यापाराचाही एक दुवा होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

पहिल्या काळातील ही रुप्याची नाणी ओबडधोबड असत. चांदीच्या कांबीचे तुकडे पाडून, वजनास जास्त भरल्यास कोपरे छाटून, हातोड्याने ठसा मारलेली. त्यांचा वाकडातिकडा आकार पाहून स्थानिक लोकांनी त्यांस ‘हिलिस कालामाय’, म्हणजे भाताच्या गोड वडीचे काप, असे नाव दिले. १७३२ पासून मेक्सिकोच्या टांकसाळीत यंत्राने पाडलेला, दोन पृथ्वीगोल आणि हर्क्युलिसचे दोन स्तंभ धारण करणारा देखणा पेसो आला, तेव्हा कडेला नक्षी असल्याने छाटणीची लबाडी चालेनाशी झाली. किरकोळ खरेदीसाठी तांब्याची हलकी नाणी स्थानिक पातळीवर पाडली जात, पण मोठ्या व्यवहारात त्यांना कोणी विचारीत नसे.

१७६२ मध्ये मद्रासेहून निघालेल्या इंग्रजी आरमाराने, ज्यात हिंदी शिपायांच्याही तुकड्या होत्या, मनिला काबीज केली आणि शहर लुटीपासून वाचविण्यासाठी चाळीस लाख पेसोंची खंडणी मागितली. शहराने चर्चमधील चांदी, धर्मादाय निधी, खाजगी गंगाजळी सारे एकत्र केले तरी तो आकडा पुरा होईना. त्याच सुमारास फिलिपिनो नावाचे जहाज आकापुल्कोहून वीस लाखांहून अधिक पेसो घेऊन आले, आणि इंग्रजांच्या हाती पडण्याआधी ती चांदी सिमोन दे आंदा या न्यायाधीशाच्या हाती पोचली, जो राजधानी पडल्यावरही आसपासच्या प्रांतांतून प्रतिकार चालवीत होता. त्या पैशावर त्याचे सैन्य उभे राहिले. १७६४ मध्ये इंग्रज परत गेले तेव्हा खंडणीचा मोठा हिस्सा वसूल व्हावयाचा राहिलेला होता.

या सर्व इतिहासात मला सर्वाधिक बोलका वाटतो तो १८२८ सालचा प्रसंग. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, पाठोपाठ दक्षिण अमेरिकेतील स्पेनचे मुलूखही गेले. आणि मनिलाचा बाजार ज्या नाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, ती नाणी पाडणाऱ्या टांकसाळी एका दमात बंडखोरांच्या झाल्या. आता आठ रेआलवर राजाचे मुख नव्हते. मेक्सिकोच्या नाण्यावर निवडुंगावर बसलेला गरुड आणि दुसऱ्या बाजूस किरणांच्या वलयात स्वातंत्र्याची टोपी, तिच्यावर ‘लिबर्ताद’ हा शब्द. पेरूच्या नाण्यावर प्रजासत्ताकाची घोषणा. चांदी तीच, वजन तेच, म्हणून चिनी दुकानदार ती निःशंकपणे घेत. पण ज्या वसाहतीला स्पेनने अद्याप मुठीत ठेवले होते, तिच्या प्रत्येक खिशात स्वातंत्र्याची जाहीरपत्रके फिरू लागली. गव्हर्नर मारियानो रिकाफोर्ट याच्यापुढे पेच पडला. नाणी बंद करावीत तर व्यापार बुडतो. चालू ठेवावीत तर राजद्रोह चालतो.

त्याने हुकूम काढला की, अशा प्रत्येक नाण्यावर दोन्ही बाजूंनी नवा ठसा मारून मूळचा मजकूर पुसून टाकावा. एका अंगावर स्पेनचे राजचिन्ह, ‘मनिला’ आणि १८२८ हे साल. दुसऱ्यावर, राजे फर्नांडो सातवे यांच्या आज्ञेने हे नाणे चालविण्यास योग्य ठरविले आहे, अशा अर्थाचा लेख. संग्रहालयांत उरलेली ही नाणी पाहिली असता नव्या अक्षरांच्या फटींतून जुने गरुडाचे पंख किंवा किरणांची टोके अर्धवट डोकावताना दिसतात, ठसा तिरपा बसलेला असला तर राजचिन्हाची कड नाण्याबाहेर गेलेली असते, आणि स्वातंत्र्याची टोपी राजाच्या नावाखाली चेपली गेली असली तरी ती पूर्णतः नाहीशी झाली आहे असे फारच थोड्या नाण्यांविषयी म्हणता येईल. जाड नाण्यांवर दुहेरी ठसा मारणे हे काम यंत्रांना आणि कारागिरांना झेपेना. १८३२ मध्ये राजाज्ञा सौम्य झाली: आता केवळ मुकुटासह फर्नांडोच्या नावाचे आद्याक्षर आणि सातचा अंक एवढी लहानशी छाप पुरे. राजा वारल्यावर तीच छाप इसाबेला दुसरीच्या आद्याक्षरांनी चालू राहिली. १८३६-३७ मध्ये स्पेनने आपल्या माजी वसाहतींचे स्वातंत्र्य मान्य करण्यास प्रारंभ केला आणि छाप मारण्याचा हा उपक्रम थांबला. या नऊ वर्षांत नाण्यातील चांदी एका गुंजेनेही वाढली नाही की घटली नाही. आणि दुकानदारही तो ठसा पाहून नव्हे, तराजू पाहूनच नाणे घेत राहिला.

पुढची साठ वर्षे अशीच ओढाताणीची. १८५१ मध्ये इसाबेला राणीच्या नावाने पहिली बँक निघाली, तिने पुढील वर्षी कागदी नोटा काढल्या. १८६१ मध्ये मनिलात स्वतंत्र टांकसाळ सुरू होऊन सोन्याचे चार, दोन व एक पेसो पाडले जाऊ लागले. पण १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली, तसे सोन्याचे नाणे मनिलाच्या बाजारातून नाहीसे होऊन हाँगकाँगच्या वाटेने चालते झाले. सरकारने १८७७ मध्ये मेक्सिकन डॉलरच्या आयातीवर बंदी घातली, तर ते चोरवाटेने येऊ लागले आणि सरकारी खजिन्यालाही अखेर तेच मोजून घ्यावे लागले. १८९८ च्या क्रांतीनंतर एमिलिओ आगिनाल्दोच्या प्रजासत्ताकाने मालोलोस येथील शस्त्रशाळेत तांब्याची थोडी नाणी पाडली, एक व पाच पेसोंच्या नोटा छापल्या. पण स्पेनने वीस दशलक्ष डॉलरांच्या मोबदल्यात ही बेटे अमेरिकेच्या पदरात टाकली होती, आणि ज्यांचा सौदा झाला त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या स्वल्पायुषी राज्याची नाणी आज अत्यंत दुर्मिळ आहेत.

अमेरिकनांनी चलनाचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाती घेतला. हिंदुस्थान सरकारने १८९३ मध्ये मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी खाजगी चांदीस बंद करून रुपयाची किंमत चांदीच्या भावापासून तोडली होती. तो दाखला त्यांच्या तज्ज्ञांपुढे होता. २ मार्च १९०३ च्या कायद्याने पेसो सोन्याशी बांधला गेला, दोन पेसो म्हणजे एक डॉलर असे प्रमाण ठरले, आणि प्रत्यक्ष व्यवहारात मात्र चांदीचे नाणे फिरत राहिले. या नाण्याचे चित्र मेलेसिओ फिगेरोआ या फिलिपिनो शिल्पकाराने रेखाटले: ऐरणीशेजारी हातोडा घेऊन उभी असलेली स्त्री आणि मागे धूर सोडणारा मायोन ज्वालामुखी. परक्या राज्याचा गरुड दुसऱ्या बाजूस होता हे खरे. परंतु राजे-राण्यांच्या मुखवट्यांनंतर प्रथमच त्या भूमीतील एका माणसाच्या हाताने त्या भूमीतील श्रमाचे चित्र नाण्यावर आले, याचे मोल मला मोठे वाटते. तीन वर्षांच्या आत चांदी इतकी महागली की नाणे वितळविणे हाच फायद्याचा धंदा झाला, आणि १९०७ पासून जवळजवळ २७ ग्रॅमचा पेसो २० ग्रॅमवर आणून त्यातील चांदीचा कसही उतरवावा लागला. कायद्याने ठरविलेली किंमत बाजाराने उलटविण्याचा हा आणखी एक प्रसंग.

याच राजवटीत कुलिओन बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी १९१३ पासून निराळी नाणी पाडली गेली, जी त्या बेटाबाहेर चालत नसत. रोग पैशाच्या स्पर्शाने पसरतो या समजुतीचे ते फळ. घरच्यांपासून तोडून आणलेल्या त्या हतभागी जिवांच्या हाती पडणारा पैसादेखील उर्वरित देशात निरुपयोगी असावा, ही कठोरता त्या काळच्या शास्त्राच्या नावाखाली खपून गेली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य उतरले तेव्हा मनिलातील सरकारी व बँकांची संपत्ती उपसागराच्या तोंडाशी असलेल्या कोरेहिडोर बेटावरील भुयारांत हलविण्यात आली. फेब्रुवारी १९४२ मध्ये दारूगोळा पोचविण्यास आलेल्या ट्राउट या पाणबुडीतून सोने आणि थोडी चांदी बाहेर नेण्यात आली. कागदी नोटा जाळण्यात आल्या. उरले दीड कोटीहून अधिक रुप्याचे पेसो. ते शत्रूस मिळू नयेत म्हणून, प्रत्येकी सहा हजार नाण्यांच्या लाकडी पेट्या रात्रीच्या अंधारात नावांवर लादून काबायो बेटाजवळच्या खोल पाण्यात सोडून देण्यात आल्या. ६ मे रोजी कोरेहिडोर पडले. जपान्यांनी प्रथम फिलिपिनो पाणबुड्यांना आणि नंतर युद्धकैदी अमेरिकन पाणबुड्यांना त्या पेट्या वर काढण्याच्या कामास जुंपले. कैद्यांनी हिशेबाने थोड्याच पेट्या वर काढल्या, काही पाण्यातच खिळखिळ्या करून ठेवल्या, आणि कितीतरी पेसो अंगावर लपवून आणून सोबतच्या बंद्यांना अन्न-औषध मिळविण्यासाठी मनिलाच्या बाजारात पोचते केले. युद्धानंतर बहुतेक नाणी वर आली. खाऱ्या पाण्याने काळवंडलेले ते पेसो आजही जाणकारांना नजरेने ओळखू येतात.

जमिनीवर मात्र दोन प्रकारच्या कागदांची झुंज चालू होती. जपानी सरकारने छापलेल्या नोटा सुबक होत्या, मजबूत कागदाच्या होत्या. पण त्यांवर क्रमांक नव्हते, केवळ ‘पी’ने सुरू होणारी अक्षरे होती, म्हणजे किती छापल्या याचा जाब कोणाला देण्याचे कारणच नव्हते. लोकांनी त्यांना ‘मिकी माउस’ म्हणण्यास सुरुवात केली. १९४४ पर्यंत शंभराची नोट निघाली, पुढे पाचशेची आणि हजाराची. आणि बाजारास जाताना पैसे टोपलीतून न्यावे, येताना धान्य खिशातून आणावे, अशी स्थिती झाली. दुसरीकडे, अध्यक्ष मानुएल केझोन यांनी दिलेल्या अधिकाराने प्रांतोप्रांतीच्या चलनमंडळांनी आणि डोंगरात लढणाऱ्या पथकांनी आपापल्या नोटा काढल्या होत्या. शाळेच्या वह्यांची पाने, वेष्टनाचा कागद, हाताला लागेल ते वापरून, लाकडी ठशांनी, फिकट शाईने, कधी अशुद्ध लिहून छापलेल्या या नोटांवर क्रमांक मात्र असे आणि जबाबदार माणसाची हातची सही असे. ही नोट जवळ सापडली तर जपानी शिपाई छळ करीत, ठारही मारीत. तरीसुद्धा नेग्रोस, पानाय, बोहोल, मिन्दानाओ या बेटांवरील शेतकऱ्यांनी तांदूळ देऊन ती घेतली आणि बांबूच्या पोकळ नळ्यांत, जमिनीखाली जपून ठेवली. शके ८२२ च्या ताम्रपटामागे साक्षीदारांच्या शब्दाचे जे बळ होते, तेच त्या वहीच्या पानामागे होते.

युद्ध संपल्यावर जपानी नोटा कवडीमोल ठरल्या. त्यांची भरपाई मिळविण्यासाठी स्थापन झालेल्या दावेदार-संघाचे शिक्के मारलेल्या हजारो नोटा आजही सापडतात, पण भरपाई मिळाली नाही. गनिमी नोटांपैकी नोंद झालेल्या काहींचे पैसे सरकारने चुकते केले. ३ जानेवारी १९४९ रोजी स्वतंत्र देशाची मध्यवर्ती बँक मिगेल क्वादेर्नो यांच्या गव्हर्नरपदाखाली सुरू झाली. डॉलरास दोन पेसो हे प्रमाण १९६२ मध्ये ढासळले, १९६७ पासून नाण्यांवर इंग्रजीच्या जागी पिलिपिनो भाषा आली, आणि १९९३ मध्ये बँकेची आजच्या स्वरूपात पुनर्घटना झाली.

एप्रिल २०२२ मध्ये हजार पेसोंची नवी नोट प्लास्टिकवर काढण्यात आली. जुन्या नोटेच्या कागदात पाचवा हिस्सा त्या देशातील आबाका नावाच्या केळवर्गीय झाडाच्या धाग्याचा असे. आबाका पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी तक्रार केली. नव्या नोटेवर फिलिपिन्सचा गरुड आहे. जुन्या नोटेवर होते सरन्यायाधीश होसे आबाद सांतोस, सेनानी विसेंते लिम आणि बालवीर-कन्यांची संघटना उभी करणाऱ्या होसेफा यानेस एस्कोदा. तिघांनाही जपान्यांनी देहदंड दिला. पक्षी सुंदर आहे, प्लास्टिक टिकाऊ असेल, पण ज्यांच्या पिढीने वहीच्या पानाला प्राणाची किंमत दिली, त्यांचे चेहरे देशाच्या सर्वांत मोठ्या नोटेवरून काढावयास नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या तिघांची कागदी नोट अद्याप रद्द झालेली नाही; ती नव्या नोटेबरोबर कायदेशीर चलन म्हणून चालू आहे.